पांच मिनिटांत होडीची शर्यत

शाळेच्या स्नेहसंमेलनांत, महिला मंडळांत किंवा वाचनालयाच्या वार्षिक समारंभांत पांच मिनिटें माहितीपर बोलण्याची पाळी कोणावर आली, म्हणजे बहुधा एकच गोष्ट घडते. वक्ता विषयावरील एखादा लेख मिळवितो, त्यांतील मजकूर वहींत उतरवून घेतो, तो तोंडपाठ करतो आणि सभेंत घडाघडा म्हणून दाखवितो. टाळ्या पडतात. परंतु घरीं परततांना एखाद्या श्रोत्यास ‘काय ऐकलेंत?’ असें विचारलें, तर ‘मुलगी छान बोलली हो!’ यापलीकडे त्याला कांहीं सांगतां येत नाहीं. विषय ओळखीचा असेल तर हा दोष झांकून जातो. क्रिकेटवर किंवा कुस्तीवर कोणी कसेंहि बोललें, तरी ऐकणारा आपल्या पदरची माहिती घालून उणें भरून काढतो. विषय अपरिचित असला म्हणजे मात्र श्रोत्याच्या पदरीं कांहींच नसतें. त्याला जें दिसावयाचें तें वक्त्याच्या शब्दांतूनच दिसलें पाहिजे. म्हणून अपरिचित खेळावरील लहानसें भाषण ही वक्तृत्वाची खरी परीक्षा होय.

उदाहरणादाखल असें समजावें कीं, शिरूरच्या एका शाळेंतील नववीच्या मुलीला ‘पाण्यावरील एक अपरिचित खेळ’ हा विषय मिळाला आहे, आणि तिनें वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत, म्हणजे ज्याला आतां सर्वत्र रोइंग म्हणतात तो खेळ, निवडला आहे. शिरूर घोड नदीच्या कांठीं वसलें आहे. गांवाला घोडनदी या नांवानेंच ओळखणारे लोक अजून पुष्कळ आहेत. मुलीचें आजोळ दौंडला, भीमेच्या कांठीं. दोन्ही ठिकाणीं नदी आहे. परंतु शर्यतीची होडी घरांत कोणी पाहिलेली नाहीं, आणि वर्गांतील इतर मुलांची स्थितीहि तीच. अशा मुलीनें तयारी कशी करावी, हें पायरीपायरीनें पाहण्यासारखें आहे.

पहिलें काम नांवाचा गोंधळ दूर करण्याचें. वर्तमानपत्रांत ‘नौकानयन’ हा एकच शब्द निरनिराळ्या खेळांस लावलेला आढळतो; त्यामुळें ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कधीं शीड उभें राहतें, तर कधीं तलावांतील सहल. वस्तुतः हे खेळ निराळे आहेत. शिडाच्या नौकांच्या शर्यतींत वाऱ्याचें बळ कामीं लावतात. कनू आणि कयाक या प्रकारांत खेळाडू पुढें तोंड करून बसतो व सुटें वल्हें हातांत धरतो. तें होडीला कोठेंहि जोडलेलें नसतें. रोइंगमध्यें वल्हें होडीच्या बाजूस अडकविलेलें असतें, आणि ज्या दिशेला जावयाचें त्या दिशेकडे खेळाडूची पाठ असते. एवढा भेद दोन-तीन वाक्यांत सांगितला, कीं निम्मा गोंधळ नाहींसा होतो. पुढें प्रत्येक संज्ञेची व्याख्या देत बसण्याचें कारण नाहीं.

दुसरें काम माहिती जमविण्याचें. जेवढें बोलावयाचें त्याच्या पांचपट गोळा करावें आणि चार भाग टाकून द्यावे, हा येथें चांगला नियम होय. टाकलेले भाग वाया जात नाहींत. वक्त्याच्या आवाजांत जो विश्वास येतो तो त्यांच्यामुळेंच येतो.

ह्या मुलीच्या वहींत प्रथम होडीची माहिती येईल. एकट्या खेळाडूची होडी सुमारें आठ मीटर लांब असते, परंतु रुंदीला जेमतेम फूटभर. तिचें वजन नियमाप्रमाणें कमींत कमी १४ किलो, म्हणजे धान्याच्या मध्यम गोणीहूनहि हलकें. सर्वांत मोठी होडी आठ जणांची. ती सतरा-अठरा मीटर लांब असते, आणि तिचें किमान वजन ९६ किलो. कांहीं प्रकारांत प्रत्येक खेळाडू दोन वल्हीं चालवितो, कांहींत एकच. बैठक स्थिर नसून खालच्या रुळांवर पुढें-मागें सरकते. पाय मात्र पुढच्या बाजूस घट्ट बसविलेल्या जोड्यांत अडकविलेले असतात. ऑलिंपिकचें नेहमीचें अंतर २००० मीटर आणि एका वेळीं सहा होड्या, प्रत्येकीचा पाट निराळा. २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांसाठीं मात्र जागेच्या अडचणीमुळें हें अंतर १५०० मीटर ठरविलें आहे.

त्यानंतर इतिहास. लंडन शहरांत थेम्स नदीवर उतारूंची ने-आण करणारे नावाडी होते. त्यांच्यांतील उमेदवारांसाठीं १७१५ मध्यें सुरू झालेली शर्यत आजतागायत चालू आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत १८२९ सालीं झाली. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें हा खेळ ठरला होता, पण हवा बिघडल्यामुळें शर्यती रद्द कराव्या लागल्या, आणि आरंभ १९०० सालीं पॅरिसला झाला. स्त्रियांना ऑलिंपिकमध्यें प्रवेश मिळण्यास १९७६ चें माँट्रियल उजाडावें लागलें. भारताचे वल्हेकरी ऑलिंपिकमध्यें प्रथम उतरले ते २००० सालीं सिडनी येथें, कासम खान व इंदरपाल सिंग या जोडीच्या रूपानें. आशियाई सामन्यांतील पहिलें सुवर्णपदक २०१० मध्यें ग्वांगझू येथें बजरंगलाल ताखर यांनीं मिळविलें.

इतकें जमलें म्हणजे वही भरते आणि वक्त्याला वाटूं लागतें कीं, भाषण तयार झालें. खरी चूक येथेंच होते. वरील सर्व गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्या याच क्रमानें वाचून दाखविल्या तर शिरूरच्या मुलांना त्यांतील एकहि आठवणार नाहीं. थेम्स नदी त्यांनीं पाहिलेली नाहीं. घोड आणि भीमा पाहिलेल्या आहेत. तेव्हां वाट तिकडूनच काढली पाहिजे.

ती वाट हाताशींच आहे. पुण्यास मुळा व मुठा यांचा संगम होतो. त्या परिसरांत हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १८५४ ची. आतां तें तंत्रज्ञान विद्यापीठ झालें आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या ‘रिगाटा’ या जलक्रीडा महोत्सवाची परंपरा १९२८ पासूनची. दापोडीला लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारांत शर्यतीसाठीं मुद्दाम बांधलेला सरळ जलमार्ग आहे, आणि लष्कराचे खेळाडू तेथें तयार होतात. पुण्याचें हेंच पाणी मुळा-मुठा या नांवानें पूर्वेला वाहत येतें, शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडस येथें भीमेला मिळतें, आणि दौंडच्या पुलाखालून पुढें उजनीच्या जलाशयाकडे जातें. घोडहि शेवटीं भीमेंतच मिसळते. म्हणजे ज्या पाण्यावर पुण्यांत वल्हीं पडतात, तेंच पाणी मुलीच्या आजोळच्या दारावरून जातें. हें एक वाक्य आरंभीं आलें, कीं परका खेळ एकदम घरचा होतो.

आरंभ सांपडला, आतां गाभा हवा. पांच मिनिटांच्या भाषणांत एकच प्रश्न सुटूं शकतो. तो कोणता, हें वक्त्याला पुष्कळदां स्वतःला कळत नाहीं. कारण माहिती गोळा करतां करतां त्याला सर्वच गोष्टी ओळखीच्या वाटूं लागतात. त्याला उपाय एकच. अर्धवट तयार झालेलें भाषण अशा माणसाला ऐकवावें कीं, ज्याला विषयाचा गंधहि नाहीं. आपल्या मुलीनें सुटीच्या दिवशीं दौंडला जाऊन तें आजीला ऐकवावें. आजी सालें ऐकून घेईल, वजनें ऐकून घेईल, आणि मग निवडणें बाजूला सारून म्हणेल :

“अग, पण पाठमोरा बसला, तर जायचंय कुठं तें त्याला दिसायचं कसं? आणि तोंड पुढं करून बसायला कोणी नको म्हटलंय का?”

वहींतील सर्व टिपणांत ह्या प्रश्नाचें उत्तर नसेल. पण भाषणाचा विषय हाच. जें आजीला विचारावेंसें वाटलें, तें वर्गांतील प्रत्येकाला विचारावेंसें वाटणार आहे.

उत्तर शोधूं लागलें कीं खेळाचें सर्व मर्म उलगडतें. मनुष्याच्या अंगांतील सर्वांत अधिक बळ मांड्यांत आणि पाठींत असतें, दंडांत नव्हे. रस्सीखेंच खेळतांना पहिलवान काय करतो? पाय रोवतो, अंग मागें टाकतो आणि ओढतो. दोर पुढें ढकलण्याचा विचारहि कोणी करीत नाहीं. होडींत तेंच करावयाचें असतें. खेळाडू गुडघे मुडपून पुढें सरकतो, वल्ह्याचीं पातीं पाण्यांत टेकवितो आणि मग पायांनीं होडीचा आधार रेटून अंग मागें नेतो. शेवटीं हात उराशीं येतात. वल्हें ही एक तरफ आहे. मूठ खेळाडूच्या छातीकडे येते, तेव्हां पातें उलट बाजूला पाण्याला रेटतें आणि होडी खेळाडूच्या पाठीच्या दिशेनें धांवते. पूर्ण शक्ति लावावयाची तर पाठमोरेंच बसावें लागतें. आजीच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हें झालें.

येथें आणखी एक आश्चर्याची गोष्ट आहे, आणि ती भाषणांत अवश्य यावी. होडीचा वेग सर्वांत अधिक केव्हां असतो, असें विचारलें तर सर्व मुलें सांगतील कीं, वल्हें जोरानें ओढलें जात असतांना. प्रत्यक्षांत तो त्यानंतर, वल्हें पाण्याबाहेर असतांना असतो. कारण असें कीं, होडी १४ किलोची आणि तींत बसलेला माणूस सत्तर-ऐंशी किलोचा किंवा त्याहूनहि अधिक. एक झटका संपवून तो पुढच्या झटक्यासाठीं बैठकीवरून सरकतो, तेव्हां त्याचें जड शरीर होडीच्या मागल्या टोंकाकडे जातें आणि त्याच्या पायांखालची हलकी होडी उलट दिशेला, म्हणजे पुढें, निसटते. ह्या वेळीं तो घाईघाईनें सरकला, तर झटका वेळेपूर्वींच संपतो व मिळालेली गति मोडते. म्हणून चांगला वल्हेकरी जोरानें ओढतो आणि शांतपणें परततो. नुसत्या दांडगाईनें ही शर्यत जिंकतां येत नाहीं, हें श्रोत्याला एवढ्यावरून पटतें.

आतां पहिला प्रश्न : दिसतें कसें? आठ जणांच्या होडींत पुढें तोंड करून बसलेला एक नववा माणूस असतो. तो सुकाणूं सांभाळतो, लय मोडूं देत नाहीं आणि उरलेलें अंतर ओरडून सांगतो. एकट्याच्या होडींत मात्र असा सोबती नसतो. पाट तरंगत्या खुणांनीं आंखलेले असतात. खेळाडू मागें राहिलेल्या कांठावरची एखादी खूण धरून सरळ रेषा राखतो, आणि मधूनच खांद्यावरून एक दृष्टि टाकतो. यांतून एक मोठी मौज उत्पन्न होते. जो पुढें आहे त्याला सर्व प्रतिस्पर्धी समोर दिसतात. जो मागें पडला आहे त्याला पुढचे कोणीच दिसत नाहींत. त्यानें केवळ आपल्या लयीवर विश्वास ठेवून वल्हवीत राहावयाचें असतें.

हें सर्व वर्गांत दाखवितांहि येतें, आणि त्याला खर्च नाहीं. मुलीनें फळ्याजवळ एक बांक मांडून त्यावर फळ्याकडे पाठ व वर्गाकडे तोंड करून बसावें. फळा ही शेवटची रेषा. हातांत दोन लांब काठ्या घ्याव्या. वर्गांतील मुलें म्हणजे मागें पडलेल्या होड्या. मग तिनें सांगावें कीं, ‘तुम्ही सर्व मला दिसतां, पण मला गांठावयाचा फळा मात्र दिसत नाहीं.’ दहा वाक्यांनीं जें समजलें नसतें तें ह्या एका बैठकीनें समजतें. काठ्या मिळाल्या म्हणून त्या पांच मिनिटें फिरवीत मात्र बसूं नये; एक-दोन झटके दाखवून खालीं ठेवाव्या, नाहीं तर श्रोत्यांचे कान बंद होतात आणि डोळेच काय ते उघडे राहतात.

आंकड्यांच्या बाबतींतहि असाच विवेक पाहिजे. ‘दोन हजार मीटर’ हा नुसता उच्चार आहे. शाळेच्या फाटकापासून तेवढ्या अंतरावर गांवांतील कोणतें ठिकाण येतें, तें मुलीनें सायकलीवरून मोजून घ्यावें आणि भाषणांत त्या ठिकाणाचें नांव घ्यावें. ऑलिंपिकमधील एकटा वल्हेकरी हें अंतर सुमारें सात मिनिटांत कापतो. हा वेग तासाला सतरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सायकल नेटानें मारणाऱ्या मुलाचा वेग होय. आणि तो सबंध वेळ मिनिटाला तीसहून अधिक झटके मारीत असतो. असे दोनच आंकडे भाषणांत ठेवावे. बाकीचे वहींत राहूं द्यावे.

खेळ समजला, तरी श्रोत्याला माणूस भेटल्याशिवाय भाषण मनांत राहत नाहीं. ह्या विषयांत तसा माणूस महाराष्ट्रांतच आहे. दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म १९९१ चा. गांव तळेगांव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. तो प्रदेश पाण्याच्या टंचाईचा, आणि वडिलांचें काम विहिरी खोदण्याचें. २०११ सालीं वडील वारले. पुढल्या वर्षीं दत्तू लष्करांत दाखल झाले आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्यें आले. तोंपर्यंत त्यांनीं हा खेळ पाहिलाहि नव्हता; पाण्याची भीति मात्र होती. चारच वर्षांनीं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें एकेरी शर्यतींत उतरणारे ते भारताचे एकमेव वल्हेकरी होते. तेथें ते तिसऱ्या गटाच्या अंतिम शर्यतींत पहिले, म्हणजे एकंदर क्रमानें तेरावे आले. वेळ ६ मिनिटें ५४.९६ सेकंद. २०१८ च्या आशियाई सामन्यांत, इंडोनेशियांतील पालेंबांग येथें, एकेरीच्या अंतिम शर्यतींत ते सर्वांच्या मागें राहिले. आणि दुसऱ्याच दिवशीं स्वर्ण सिंग, ओमप्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या होडींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें.

ही हकीकत इतकी बोलकी आहे कीं, तिला रंग देण्याची गरज नाहीं. पण नवख्या वक्त्याला मोह होतो तो येथेंच. तेराव्या क्रमांकाला ‘थोडक्यांत हुकलेलें पदक’ म्हणावेंसें वाटतें, ‘पहिला भारतीय’ असें म्हणावेंसें वाटतें. दोन्ही खोटें होय. सिडनीचे दोघे त्यांच्या आधींचे आहेत. अपरिचित विषयावर बोलणाऱ्याची जबाबदारी यामुळेंच मोठी असते : श्रोत्यांपैकीं कोणीहि चूक पकडूं शकत नाहीं, आणि सांगितलेलें खोटें तसेंच घरोघर जातें. म्हणून जेवढीं सालें व नांवें भाषणांत घ्यावयाचीं, तेवढीं दोन ठिकाणीं ताडून पाहावीं. ताडतां येत नाहीं तें गाळावें.

आतां मांडणी. सावकाश आणि स्पष्ट बोलणारा मनुष्य मिनिटाला शंभर-सव्वाशें शब्दांहून फारसें अधिक बोलत नाहीं. तेव्हां सगळें मिळून पांचशें शब्द हातीं आहेत. पहिलें अर्धें मिनिट भीमेच्या पाण्याला द्यावें आणि आजीचा प्रश्न सभेपुढें ठेवावा. पुढल्या अर्ध्या मिनिटांत हा खेळ शिडाच्या नौकेहून व कयाकहून कसा निराळा, तें सांगावें. मधलीं दोन मिनिटें बांक, काठ्या आणि पाठमोरें बसण्याचें कारण यांसाठीं. त्यानंतर एक मिनिट भोकनळांची हकीकत. शेवटच्या मिनिटांत इतिहासांतील एखादीच गोष्ट — मुलींच्या वर्गांत १९७६ ची चांगली शोभेल — आणि समारोप. संपूर्ण भाषण लिहून काढावें, परंतु पाठ करावें तें फक्त पहिलें व शेवटचें वाक्य. मधला भाग पांच-सहा शब्दांच्या टिपणावरून बोलावा. पाठ केलेलें वाक्य विसरलें कीं पुढचें सगळें अडतें. समजलेली गोष्ट विसरत नाहीं. घड्याळ लावून तीन वेळां मोठ्यानें म्हणून पाहावें. वेळ पुरत नसेल तर जलद बोलूं नये, एक मुद्दा काढून टाकावा.

भाषणानंतर मुलें प्रश्न विचारतील. होडी उलटली तर काय, हा पहिला असेल. होडी इतकी अरुंद, कीं वल्हीं हातून सुटलीं तर ती खरोखरच उलटते. म्हणून ज्याला पोहतां येत नाहीं त्यानें हिच्यांत बसूंच नये. हें उत्तर हंसण्यावारी नेऊं नये. घोडेच्या डोहांत, धरणाच्या पाण्यांत किंवा उजनीच्या फुगवट्यावर मुलांनीं आपल्या बुद्धीनें तराफे घालावे असा अर्थ भाषणांतून निघतां कामा नये. शिकविणारा मनुष्य, पोहण्याचें ज्ञान आणि अंगांत तरंगणारें जाकीट या तीन गोष्टी प्रथम, होडी नंतर. दुसरा प्रश्न बहुधा असा येईल कीं, आपल्याकडे हा खेळ कां नाहीं? त्याला प्रामाणिक उत्तर द्यावें. घोड उन्हाळ्यांत आटते. शर्यतीला लांब, सरळ आणि संथ पाणी लागतें. होड्या महाग असतात. आणि पुण्याहून येणाऱ्या पाण्याबरोबर शहराची घाण व जलपर्णीहि येते. ज्या पाण्यांत हात घालावासा वाटत नाहीं, त्यावर कोणी खेळ मांडीत नाहीं. ज्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसेल, तेथें ‘पाहून सांगतें’ एवढेंच म्हणावें आणि दुसऱ्या दिवशीं खरोखर सांगावें.

ऐकणारीं मुलें पुढें वल्हीं हातीं धरतील कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे. त्यांतील एखादें मूल दौंडच्या पुलावरून आगगाडीनें जातांना खालच्या पाण्याकडे बोट दाखवून आईला म्हणालें कीं, ‘आई, पुण्याला ह्याच पाण्यावर शर्यत होते, आणि त्यांत सगळे पाठमोरे बसतात, कां ते सांगूं?’ — तर मुलीचें भाषण उत्तम झालें असें समजावें.